कंबोईच्या किनाऱ्यावर तिवरं (खारफुटी) लावायची आहेत; गावाला सोबत घेऊन हे कसं करावं?

सुरसागर:

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाने यंदा गणपतीच्या वर्गणीतला काही भाग समुद्रकिनाऱ्यासाठी खर्च करायचं ठरवलंय. डोक्यात जागा आहे ती जंबुसर तालुक्यातल्या कावी-कंबोईच्या आसपासची, स्तंभेश्वर महादेवाच्या बाजूची. बडोद्याहून पाऊणशे किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी घरी. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी दोन बस, शंभरेक माणसं, रोपवाटिकेतून आणलेली पाच हजार तिवराची रोपं, आणि एका दिवसात काम संपवायचं, असा बेत आहे.

तिथल्या माछी (मच्छीमार) आणि पगडिया लोकांना (पगडिया म्हणजे ओहोटीला चिखलात चालत जाऊन खुंटांवर जाळी लावणारे) यात घ्यायचंय. "त्यांचं पारंपरिक ज्ञान वापरा" असं जो तो सांगतो. वापरायचं म्हणजे त्यांना नेमकं विचारायचं काय? रोपं बरी की बिया? परवानगी कुणाची लागते? आणि लावलेलं इतकं मरतं का? जाणकारांनी तपशिलात सांगावं, मोघम नको.

खाजण:

बेत चांगला आहे, पण क्रम उलटा लागलाय. बस आणि रोपं सगळ्यात शेवटी.

पहिला प्रश्न हा विचारा: तिथे तिवर आपणहून का उगवत नाही? श्रावण-भाद्रपदात खाडीच्या पाण्यावर तिवराच्या बिया तरंगत असतात, त्यांना कुणी लावावं लागत नाही. जवळपास मोठी झाडं असून, बिया येऊनही, जागा मोकळी राहत असेल तर त्याला कारण असतं. जागा फार खाली असेल, काठ ढासळत असेल, गुरं-उंट चरत असतील, नाहीतर रस्त्याने, बांधाने किंवा मिठागराने भरतीच्या पाण्याची वाट अडवली असेल. शेवटचं कारण असेल तर बांधाखालून एक मोठा पाइप टाकून पाणी मोकळं करणं हे हजारो रोपांपेक्षा भारी काम आहे. पाणी आलं की बिया मागोमाग येतात.

हे कारण गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. "तुमचं पारंपरिक ज्ञान सांगा" असं विचाराल तर कुणी काही सांगणार नाही. असं विचारा: इथे पूर्वी चेर होते का (तिथे तिवराला चेर म्हणतात)? कुठपर्यंत? कधी गेले, कशाने गेले? काठ गेल्या दहा वर्षांत कुठे खाल्ला गेला, कुठे भरला? पाय घोट्यापर्यंत कुठे जातो, गुडघ्यापर्यंत कुठे, मांडीपर्यंत कुठे? मांडीपर्यंत पाय जातो तो गाळ ताजा असतो, अजून हलतोय, तिथे काही टिकत नाही. घोट्यापर्यंत जाईल असा घट्ट चिखल बिया धरतो.

मग उंची तपासा. लागवड मरण्याचं सगळ्यात मोठं कारण रोप कमजोर हे नाही, जागा खाली हे आहे. तिवर साधारण मध्यम समुद्रपातळीच्या वरच जगतं. एकूण वेळेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ पाण्याखाली राहिलं तर गुदमरतं. त्यासाठी यंत्र लागत नाही. समुद्राच्या बाजूला सगळ्यात खाली आपोआप उगवलेलं, दोन-तीन वर्षं टिकलेलं झाड शोधा. त्याच्या बुंध्याशी एक खुंटी, तुमच्या जागेत दुसरी. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी पाण्याने भरून, मध्ये खुंट्या ठोकत टप्प्याटप्प्याने पुढे न्या आणि दोन्हीकडच्या जमिनीतला फरक काढा. नळीत एकही बुडबुडा राहू देऊ नका, बुडबुड्याने माप इंचांनी चुकतं. तुमची जागा त्या झाडापेक्षा खाली निघाली की ती सोडून द्यायची, मग ती रस्त्याला कितीही सोयीची असो. संस्था नेमक्या हीच सोयीची जागा निवडतात, कारण खालच्या उघड्या चिखलावर कुणी हक्क सांगत नाही आणि फोटो छान येतो.

आता रोप की बी. गुजरातच्या किनाऱ्यावर जवळजवळ सगळं एकाच जातीचं तिवर आहे, अ‍ॅव्हिसेनिया मरिना. त्याची बी थेट चिखलात लावता येते, स्वस्त पडते, आणि ती गोळा करणं हे गावातल्या बायकांच्या रोजगाराचं काम होऊ शकतं. पिकलेली बी पिवळसर दिसते आणि हात लावला की सुटते. ओढून काढावी लागली तर ती कच्ची. छिद्र दिसलं की आत अळी आहे, फेकून द्या. गोळा केलेल्या बिया एक-दोन दिवस खाडीच्याच पाण्यात भिजत ठेवायच्या. वरचं पातळ साल आपोआप सुटतं, आत घडी घातलेली दोन जाड हिरवी दलं दिसतात आणि एका टोकाला लव असलेलं मूळ. ते लव असलेलं टोक खाली, बोटाच्या पेराहून कमी खोल, दलं वर उघडी. पूर्ण गाडली तर कुजते, नुसती वर ठेवली तर पहिल्याच पाण्याला जाते. ही बी धान्यासारखी वाळवून ठेवता येत नाही. ओल्या गोणपाटात, सावलीत, काही दिवसच. बडोद्याला आणून मंडळाच्या कार्यालयात ठेवायचा विचार असेल तर तो सोडा.

हिशेब: दोन मीटरवर एक जागा धरली तर हेक्टरी २,५०० जागा. प्रत्येक जागी तीन बिया म्हणजे ७,५००. निवडताना बाद होणाऱ्या धरून दहा हजार गोळा करा. तुमची पाच हजार रोपं याच अंतराने दोन हेक्टर होतात. एवढं पहिल्या वर्षी करू नका, अर्धा हेक्टर पुरे.

पिशवीतली रोपं कुठे घ्यायची? जिथे खेकडे बिया खातात किंवा प्रवाह बी टिकू देत नाही, तिथे. पण ती त्याच खाडीच्या चिखलात, भरतीचं पाणी मिळणाऱ्या वाफ्यात वाढवलेली हवीत. गोड्या पाण्यावर वाढवलेलं टवटवीत रोप खाऱ्या चिखलात पंधरवड्यात पिवळं पडतं. तिसरा प्रकार ओटल्याचा: आजूबाजूचा चिखल उचलून वीतभर उंच ओटे करायचे आणि त्यांच्या माथ्यावर बिया लावायच्या. जागा जेमतेम खाली असेल तर ओटला उपयोगी पडतो, फार खाली असेल तर दोन उधाणांत विरघळतो.

शंभर माणसं नकोत. एवढ्या पावलांनी चिखलात खड्डे पडतात, त्यात खारं पाणी साचून उन्हात आटतं आणि मिठाची खपली धरते. गावातले दहा-बारा आणि तुमचे चार-पाच जण अर्धा हेक्टर आरामात करतात.

परवानगीबद्दल: भरती-ओहोटीमधली जमीन सहसा सरकारी असते, महसूल खात्याची नाहीतर वनखात्याची. ती कुणाच्या नावावर आहे हे तलाठ्याकडे पाहा, मग ग्रामपंचायतीचा ठराव घ्या आणि जिल्ह्याच्या वन कार्यालयाला पत्र द्या, याच क्रमाने. ठराव हातात असला की पत्राला वजन येतं.

भरतीओहोटी:

खाजणने जागा सांगितली, मी वेळ सांगतो. कारण "विसर्जनानंतरचा पहिला रविवार" हे वाचूनच धस्स झालं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. त्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे पौर्णिमेपासून वद्य षष्ठी-सप्तमीपर्यंतचं काहीही असू शकतं. सगळ्यात मोठं पाणी पौर्णिमेला नसतं, एक-दोन दिवसांनी असतं. म्हणजे रविवार प्रतिपदा-द्वितीयेला आला तर तुम्ही ऐन उधाणात लावणार आणि रात्रीच्या भरतीला सगळं वाहून जाणार. त्यात भाद्रपद-आश्विन म्हणजे सप्टेंबरच्या संपाताचे दिवस, या सुमाराची उधाणं जास्त जोराची.

तिवराच्या बीला मूळ धरायला काही दिवस पाण्याविना मिळावे लागतात. हे दिवस पंचांगात दर पंधरवड्याला येतात: अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, लहान भरतीचे दिवस. सगळ्यात कमी पाणी अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी, नवमी-दशमीच्या सुमारास. तेव्हा जागा अशी निवडा की उधाणात रोज दोनदा पाणी पोचतं, पण भांगाचे चार-पाच दिवस पोचत नाही. आणि लावायचं पंचमी-षष्ठीला, पाणी उतरणीला लागल्यावर. द्वादशी-त्रयोदशीला पाणी परत चढतं तोवर मुळाने चिखल पकडलेला असतो. नवमीला लावलं तर हातात निम्मेच दिवस उरतात.

गंमत अशी की भाद्रपदातला पहिला भांग ऐन गौरी-गणपतीत येतो, त्या दिवसांत मंडळातलं कुणी मोकळं नसतं. दुसरा पितृपक्षात, वद्य पंचमी ते दशमी. तो घ्या. गुजराती आणि मराठी दोन्ही पंचांगं अमान्त (महिना अमावास्येला संपणारी) असल्याने महिना-तिथीत गोंधळ होत नाही, "भादरवा वद पांचम" म्हटलं की गावाला कळतं.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला ठोकताळा बऱ्याच जणांना माहीत असतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, द्वादशीला नऊला. हा मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला साधारण जुळतो, तिथेही पौर्णिमेला सव्वाअकरा दाखवतो आणि भरती बाराच्या सुमाराला असते. तिथीमागे ४५ मिनिटांऐवजी ४८ धरली तर ही चूक जाते. पण कंबोईला हा आकडा जशाचा तसा वापरू नका. पाणी खंभातच्या आखाताच्या तोंडातून माथ्यापर्यंत पोचायला काही तास लागतात. एका पौर्णिमेला तिथली पूर्ण भरतीची वेळ गावातल्या माणसाकडून घ्या आणि तिथून पुढे दर तिथीला ४८ मिनिटं मिळवत जा. स्तंभेश्वराच्या देवळाच्या फलकावर दर्शनाच्या वेळा असतात, त्यावरूनही अंदाज येतो, शिवलिंग पाण्याखाली जातं तेव्हा भरती आहेच.

आणखी एक गोष्ट, जिवाशी संबंध असलेली. सहा तास भरती, सहा तास ओहोटी हे पुस्तकी गणित आखाताच्या माथ्याला चालत नाही. तिथे भरती झपाट्याने चढते आणि ओहोटी रेंगाळते. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या भरती-ओहोटीत दहा मीटरचा फरक पडतो, आणि सपाट चिखलावर पाणी समोरून न येता आधी नाळ्यांतून येऊन मागची वाट तोडतं. म्हणून चिखलात असताना एक गावकरी फक्त पाण्याकडे बघायला ठेवायचा, त्याने हाक मारली की हातातलं टाकून निघायचं. त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी. परत फिरण्याची वेळ घड्याळावर नाही, त्याच्यावर.

सुरसागर:

दोघांचेही आभार. तारीख पितृपक्षात ढकलतो, मंडळात थोडी कुरकुर होईल (पितृपक्षात शुभकार्य कसं, हा प्रश्न आलाच), ते बघून घेऊ. शंभरऐवजी आपली पाचच माणसं हेही सांगतो. उरलेल्या पंच्याण्णव जणांनी काय करायचं?

माहीकाठ:

उरलेल्यांनी घरी राहून वर्गणी द्यावी. गंभीरपणे म्हणतोय.

वरच्या उत्तरांना एक जोड आणि एक विरोध.

जोड अशी. उघडा चिखल म्हणजे रिकामी जागा, हे शहरातून गेलेल्यांच्या डोळ्याला दिसतं. तिथे लेवटे असतात, आपल्याकडे ज्यांना निवटे म्हणतात ते. खंभातच्या आखातात लेवट्यांची मासेमारी चांगली चालते. हा मासा ओहोटीला उघड्या चिखलावरची शेवाळाची बारीक साय खातो, तिला ऊन लागतं. तिवराची सावली पडली की ती साय कमी होते आणि लेवटा जातो. ज्या घरांचं पोट त्यावर आहे ती माणसं बैठकीत काही बोलणार नाहीत, कारण बैठकीला सरपंच आणि बोटवाले बसलेले असतात. पण रोपं मात्र हळूहळू उपटलेली सापडतील, आणि मग अहवालात "स्थानिकांमध्ये जागृतीचा अभाव" असं येतं. जागृती त्यांना पुरेशी असते. त्यांना विचारलेलं नसतं, एवढंच.

म्हणून बैठका वेगवेगळ्या घ्या: बोटवाल्यांची एक, पगडियांची एक, चिखलातून लेवटे-खेकडे काढणाऱ्या बायकांची एक, गुरं-उंट चारणाऱ्यांची एक. बायकांची दुपारी, आणि शक्यतो तुमच्या मंडळातल्या बायकांनी घ्यावी. जमिनीवर कोळशाने नाहीतर काठीने किनारा काढून त्यांच्याकडून खुणा करून घ्या: जाळ्यांचे खुंट कुठे, लेवट्यांची बिळं कुठे, जनावरांची वाट कुठून, होडी कुठे टेकते. कुणाच्याही खुणेवर पडणारी जागा वगळा. उरेल ती तुमची. काही उरलंच नाही तर त्या गावात लागवड करायची नाही. हा निकाल स्वीकारायची तयारी नसेल तर बैठक घेऊच नका.

उंटांचा विषय निघालाच आहे तर: भरूच जिल्ह्यात आलियाबेटाकडे खराई उंट आहेत, पाण्यात पोहत जाऊन तिवर खाणारे. ही वेगळी जात म्हणून २०१५ मध्ये नोंदली गेली. त्यांना शत्रू ठरवून कुंपण घालण्यापेक्षा दोन-तीन वर्षं कोणता पट्टा सोडायचा हे चारणाऱ्यांबरोबर ठरवा. मोठं झाड चरण्याने मरत नाही, कोवळं रोप मरतं.

विरोध असा. जुन्या माणसांना ठाऊक असतं हे खरं, पण ते ज्या किनाऱ्याबद्दल सांगतात तो आता तसा राहिलेला नाही. महीवर बांसवाड्याजवळ बजाजसागर झालं, खाली कडाणा, वणाकबोरी. नर्मदेवर सरदार सरोवर, आणि मुखाशी भाडभूतच्या बंधाऱ्याचं काम. वरून येणारं गोडं पाणी आणि गाळ दोन्ही बदलले. पावसाळ्यात समुद्रातून नर्मदेत चढणारा पाला मासा (भरूचकडे चाकशी) घ्या: कोणत्या पाण्याला, कोणत्या तिथीला तो येतो हे भाडभूतच्या माछ्यांना तोंडपाठ आहे, पण ते ज्ञान वाहत्या मुखाचं आहे. म्हणून "पूर्वी इथे चेर होते" याला खाजणने दिलंय तेवढं वजन मी देणार नाही. पूर्वी होते हे कारण पुरेसं नाही. लेव्हलच्या नळीने आज काय निघतं ते बघा. प्रत्येक माहितीपुढे "कधीपासूनचं" हे लिहा आणि एकमेकांशी न बोललेल्या तिघांनी तेच सांगितलं तरच धरा. आठवणीतलं तीस वर्षांपूर्वीचं आणि परवाचं वेगळं ठेवलं नाही तर वही भरते आणि उपयोग शून्य.

खाजण:

लेवट्यांचा मुद्दा मान्य, माझ्या उत्तरात तो यायला हवा होता. तसाही लेवट्याचा चिखल बहुतेक तिवराच्या रेषेच्या खालीच असतो, उंची नीट तपासली तर भांडण आपोआप टळतं. जुन्या माहितीबद्दल मात्र थोडा मतभेद राहील. "कशाने गेले" याचं उत्तर जुन्या माणसाशिवाय मिळत नाही. नळी उंची सांगते, कारण सांगत नाही.

दर्यावर्दी:

तुम्ही सगळे लागवडीवर अडकलात. मूळ प्रश्न गावाला सोबत घेण्याचा होता, आणि त्याची दोन चांगली उदाहरणं आपल्याच दोन राज्यांत आहेत.

गुजरातमध्ये व्हेल शार्क. वेरावळ, सूत्रापाडा, धामळेज, मांगरोळ या पट्ट्यात त्याची शिकार चालायची, यकृताच्या तेलासाठी आणि परदेशी जाणाऱ्या मांसासाठी. २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत नाव गेलं, पण कायद्याने जाळ्यात सापडलेला मासा सुटत नाही. २००४ मध्ये वनखातं, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम सुरू केली, रामकथाकार मोरारी बापूंनी माशाची तुलना माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीशी केली. हा भाग सगळ्यांना आठवतो. काम केलं ते दुसऱ्या भागाने: मासा सोडायला जाळं कापलं तर सरकार भरपाई देतं. सुरुवातीला खात्याची माणसं बोटीपर्यंत पोचेस्तोवर मासा जाळ्यातच राहायचा. पुढे मच्छीमारांनाच कॅमेरे दिले: जाळं कापा, फोटो काढा, तो पुरावा धरला जाईल. निर्णय समुद्रात असलेल्या माणसाकडे गेला आणि माशाचा जाळ्यातला वेळ घटला.

महाराष्ट्राने २०१८ च्या अखेरीस हेच केलं. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई, फोटो-व्हिडिओच्या पुराव्यावर.

दुसरं वेळास, मंडणगड तालुका. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ च्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. राखणीला गावातलेच लोक, ज्यांना मादीच्या पावलांवरून घरटं नेमकं कुठे आहे ते वाळू न उकरता कळतं. पद्धत कडक आहे: घरटं साधारण दीड फूट खोल, हॅचरीत (अंडी उबवायला राखलेल्या जागेत) तेवढंच खोल आणि तशाच सुरईच्या आकाराचं खणायचं, शंभर-सव्वाशे अंडी काही तासांच्या आत हलवायची, आणि उचलताना वरची बाजू वरच ठेवायची. उशीर झाला की आतला गर्भ कवचाला चिकटलेला असतो, अंडं फिरलं तर मरतो. पिल्लं ४५ ते ५५ दिवसांत. पण पद्धत कुणीही शिकतं. वेळास टिकलं याचं कारण कासव महोत्सवाचे पाहुणे हॉटेलात न राहता गावातल्या घरांत राहतात आणि जेवणा-राहण्याचे पैसे त्या घरात जातात.

दोन्हीकडे सारखं काय? नुकसान झालं तर भरून मिळतं, तेही उशीर न होता, आणि रोजचा निर्णय गावाच्या हातात. तुमच्या मंडळाला यातलं जमण्यासारखं: अर्ध्या हेक्टरची राखण. लावण्यावर एक रुपया खर्च केलात तर राखणीवर दोन ठेवा, तीन वर्षांसाठी. दोन राखणदार, त्यातली एक बाई, गावाने निवडलेले. पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेत. एक महिना चुकलात तर पुढचं सगळं गेलं म्हणून समजा.

पोथीखाना:

थोडं विषयांतर. बडोद्याचा समुद्राशी काय संबंध असं मंडळात कुणी विचारलं तर सांगा: ओखामंडळ (कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेला द्वारका-ओख्याचा पट्टा) गायकवाडांचं होतं, आणि बडोदे सरकारने १९०५-०६ मध्ये जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करवून घेतली होती. पहिला अहवाल १९०९ मध्ये छापला गेला. मोत्यांच्या शिंपल्यांतून उत्पन्न मिळेल का, हा सरकारचा हेतू होताच. हॉर्नेल पुढे मद्रासला मत्स्य खात्याचे संचालक झाले आणि कोळ्यांच्या होड्या-जाळ्यांच्या बारीक नोंदींसाठी ओळखले जातात. त्याच कच्छच्या आखातात १९८२ मध्ये देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं.

माहीकाठ:

पोथीखानाने नोंदींचा विषय काढलाच आहे तर एक सावधगिरी. कोळशाच्या नकाशावर लोकांनी दाखवलेल्या मासेमारीच्या जागा व्हॉट्सअ‍ॅपवर, अहवालात किंवा गूगलच्या नकाशावर टाकू नका. आज तुम्ही टाकता, उद्या दुसऱ्या बंदराच्या बोटी तिथे उभ्या असतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. माहिती द्यायची तर त्या समितीकडे, आणि कोणता भाग उघड करायचा ते समितीने ठरवावं. मूळ वही गावात राहू दे, गुजरातीत. तुम्ही तुमच्या कामापुरती प्रत घ्या.

सुरसागर:

हे सगळं मंडळापुढे ठेवलं. ठरलं असं: यंदा अर्धा हेक्टर, बिया, पितृपक्षातला भांग, चार वेगळ्या बैठका श्रावणात, राखणीचे तीन वर्षांचे पैसे आधी बाजूला. आता शेवटचं. जगलं-मेलं हे कसं मोजायचं, आणि मेलं तर कारण कसं ओळखायचं? राखणदारांना काय लिहायला सांगू?

खाजण:

दहा बाय दहा मीटरचे चार चौकोन चार खुंट्यांनी कायमचे आखा. दोन मीटर अंतराने प्रत्येकात २५ जागा येतात, म्हणजे १०० जागा मोजल्या की टक्केवारी तोंडी निघते. पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी, वर्षाने, मग दरवर्षी. जागेत तीनपैकी एक जरी जिवंत असलं तरी ती जागा जिवंत.

कारण रोपावरच लिहिलेलं असतं:

खोडावर पांढरे खडबडीत कवचाचे ठिपके चिकटले असतील (बार्नॅकल) तर जागा खाली आहे, पाणी फार वेळ राहतं. खरवडत बसू नका, पुढच्या वर्षी पट्टा वर सरकवा. रोप बुंध्याशी कात्रीने कापल्यासारखं दिसलं तर खेकडा, तिथे बीऐवजी फूटभर वाढलेलं पिशवीतलं रोप लावा. शेंडा आणि पानं ओरबाडलेली असतील तर जनावर. माहीकाठने सांगितलेल्या बैठकीत परत जा. रोप उभंच पण गाळात गाडलेलं असेल तर जागा भरतेय, एक पावसाळा थांबा. पानं पिवळी आणि जमिनीवर मीठ असेल तर जागा वर आहे, भरतीचं पाणी क्वचितच पोचतं. नाळीतून वीतभर खोल चर काढून पाणी आणता येतं. हिरव्या शेवाळाचे धागे गुंडाळून रोप आडवं झालं असेल तर ते भांगाच्या दिवसांत हाताने सोडवायचं, हे काम राखणदार सहज करतात. मुळासकट उपटलेलं सापडलं तर मात्र चिखल तपासत बसू नका. कुणालातरी विचारायचं राहिलंय.

पहिल्या पाहणीत निम्म्याहून कमी जागा जिवंत असतील तर लगेच परत भरू नका. कारण सापडेपर्यंत भरलेलं सगळं त्याच वाटेने जातं. आणि निम्म्याहून जास्त असतील तरी पहिल्या मे-जूनचा निकाल येईपर्यंत मंडळाच्या स्मरणिकेत आकडा छापू नका. तेव्हा चिखल सगळ्यात खारा असतो आणि खरी गळती तेव्हाच होते.

राखणदारांच्या वहीत चार रकाने पुरे: तिथी, पाणी कुठल्या खुंटीपर्यंत आलं, काय मेलेलं दिसलं, काय केलं. तारखेऐवजी तिथी लिहू द्या, त्यांना तीच सोयीची आणि पुढचं उधाण-भांग तिच्यावरूनच कळतं.

भरतीओहोटी:

चिखलात गमबूट घालून जाऊ नका. गुडघ्याएवढ्या चिखलात बूट रुततो, पाय निघतो आणि माणूस तोल जाऊन पडतो. शिंपल्यांनी पाय कापतात म्हणून अनवाणीही नको. घोट्याला घट्ट बांधता येणारे जुने कापडी बूट, आत मोजे. प्रत्येकाकडे एक काठी, आणि दोरखंडाचं एक भेंडोळं काठावरच्या माणसाकडे. पिण्याचं पाणी बडोद्याहूनच न्या, माणशी तीन लिटर.